तारेबाहेरचा पैसा कुणाचा?

लष्कराची छावणी कुठंही पडली की तिच्याभोवती आधी तार पडते. तारेच्या आत बराकी, परेडचं मैदान, चुना फासलेले दगड. तारेच्या बाहेर बाजार, न्हावी, धोबी, गुत्ता. आणि बाजाराच्याही पलीकडं, नाल्याच्या काठाला, आपण. हा नकाशा इंग्रजांनी फक्त आपल्याकडंच काढला असं समजू नका दोस्तहो. अमेरिकेच्या दक्षिणेत जा. तिथंही तार आहे, बाजार आहे आणि बाजारापलीकडं काळ्यांची वस्ती आहे.

मला आज तारेवर लिहायचं नाही. तार ओलांडून बाहेर येणाऱ्या पैशावर लिहायचंय. छावणीच्या शेजारच्या गावाला सरकार जे अनुदान देतं, रस्त्याला, गटाराला, शाळेला, पाण्याच्या टाकीला, तो पैसा कुणाचा? कुणाच्या नावानं येतो? आणि कुणाच्या दारात जाऊन थांबतो? आपली पोरं आरक्षणावर बोलतात, अत्याचारावर बोलतात, बोललंच पाहिजे. पण बजेटच्या वहीवर कुणी बोलत नाही. आणि आपल्याला खड्ड्यात घालायचं काम तलवारीपेक्षा वहीनंच जास्त केलंय.

आधी हा पैसा येतो का ते समजून घ्या. सरकार दानशूर आहे म्हणून येत नाही. छावणीखाली हजारो एकर जमीन जाते. ती केंद्राची. केंद्राच्या मालमत्तेवर गावाला कर लावता येत नाही. आपल्या घटनेत हे कलम २८५ मध्ये लिहिलंय, अमेरिकेतही तोच कायदा चालतो. म्हणजे गावाची जमीन गेली, त्या जमिनीचा कर गेला, पण छावणीतल्या माणसांची पोरं गावाच्या शाळेत, छावणीचे ट्रक गावाच्या रस्त्यावर, छावणीचं सांडपाणी गावाच्या नाल्यात. मग गाव बोंब मारतं आणि केंद्र काहीतरी हातावर टेकवतं. त्याचं नाव अनुदान. खरं तर ते देणं आहे. देण्याला अनुदान म्हटलं की घेणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. शब्दाचं राजकारण हे असं असतं.

अमेरिकेनं २०१८ साली संरक्षण खर्चाच्या कायद्यातून या कामासाठी एक खास योजना काढली. लष्करी तळाला आधार देणाऱ्या, पण तळाच्या बाहेर असलेल्या सार्वजनिक सोयींना पैसा. रस्ता, पूल, पाणी, वीज, शाळा, दवाखाना, पोलीस चौकी, आगीचा बंब. २०२० साली पहिला हप्ता निघाला, ५ कोटी डॉलरचा. पुढच्या वर्षांत आकडा वाढत गेला. साधारण ३० टक्के वाटा गावानं किंवा राज्यानं स्वतः घालायचा. ग्रामीण भागाला त्यात सूट आहे. ऐकायला छानच वाटतं. आपल्या कुठल्याही नगरसेवकाच्या तोंडाला पाणी सुटेल.

आता मेख बघा. अर्जाला मार्क कशाचे? या कामानं तळाची लष्करी किंमत किती वाढते, संकटात तळ किती टिकाव धरतो, लष्करी कुटुंबांचं जगणं किती सुधारतं. माप हे आहे. त्या गावातल्या सगळ्यात तहानलेल्या माणसाला पाणी मिळतं का, हे या मापात कुठंच नाही. मिळालंच तर ओघळ म्हणून मिळतं. पाटलाच्या मोटेचं पाणी उसाला चाललेलं असतं, पाट फुटला तर आपल्या वाफ्यात येतं. तसं.

रस्ता झाला याचं मला दुःख नाही. बंब आला याचंही नाही. आग लागली तर झोपडीही विझेल. माझा मुद्दा एवढाच की माणूस तिथं माणूस म्हणून मोजला जात नाही, तळाच्या उपयोगाचा किती एवढाच मोजला जातो. उपयोगाला आला तर गटार, नाही तर रांगेत उभा राहा. आणि उपयोगाच्या मापानं मोजलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. गावगाड्यानं आपल्याला हजार दोन हजार वर्षं त्याच मापानं मोजलं. मेलेलं ढोर ओढायला लागतो म्हणून वेशीबाहेर का होईना जागा दिली.

ही गोष्ट आजची नाही. १९५० साली अमेरिकेनं दोन कायदे केले. ज्या गावांवर लष्करी तळाचा भार पडतो तिथल्या शाळांच्या इमारतींना एका कायद्यानं पैसा, शाळा चालवायला दुसऱ्या कायद्यानं पैसा. त्याच सुमारास लष्करात काय चाललं होतं? १९४८ साली ट्रुमननं हुकूम काढून सैन्यातला रंगभेद बंद करायला सांगितलं. काही वर्षांत तळावर काळा आणि गोरा एका बराकीत झोपू लागला, एका मेसमध्ये जेवू लागला. म्हणजे तारेच्या आत समता आली. आणि तारेच्या बाहेर? संध्याकाळी तोच काळा सैनिक गणवेश घालून गावात गेला की हॉटेलात बसायला मनाई, घर भाड्यानं मिळायला मनाई, आणि सकाळी त्याचं पोरगं बसमध्ये बसून काळ्यांच्या वेगळ्या शाळेत. ती वेगळेपणाची व्यवस्था चालवणाऱ्या शाळा मंडळाला पैसा कोण देत होतं? वॉशिंग्टन. कुणाच्या नावावर? त्याच सैनिकाच्या पोराच्या नावावर. हरामखोरीला कायद्याचा शिक्का लागला की ती अशी दिसते.

१९६२ साली केनेडीनं गेसेल नावाच्या वकिलाच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. १९६३ च्या जूनमध्ये तिचा अहवाल आला. तळाच्या आत बरंच बदललं, पण तळाबाहेरच्या गावात काळ्या सैनिकाचं आणि त्याच्या कुटुंबाचं जिणं अपमानाचं आहे, असं समितीनं सरळ म्हटलं. आणि तळाच्या कमांडरनं डोळे मिटून बसू नये, गावावर वजन वापरावं, असंही सुचवलं. जुलै १९६३ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारानं तसा आदेश काढला. म्हणजे छावणीच्या साहेबाला सांगितलं गेलं की बाबा, तुझी जबाबदारी तारेपाशी संपत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं कामाला येईल.

पण साहेबाच्या आदेशानं जग बदलत नाही. लुइझियानातल्या बॉसियर पॅरिशची गोष्ट ऐका. तिथं बार्क्सडेल नावाचा हवाई दलाचा तळ आहे. तिथलं शाळा मंडळ वर्षानुवर्षं तळाच्या नावानं केंद्राचा पैसा घेत होतं. तळावरच्या पोरांना शाळेत घेऊ, असं लिहूनही दिलं होतं. घेतलं की! काळ्या सैनिकांची पोरं काळ्यांच्या शाळेत, गोऱ्यांची गोऱ्यांच्या. १९६४ च्या जुलैत नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणात म्हटलं होतं की ज्या कामाला केंद्राचा पैसा लागला त्यात वंशावरून, रंगावरून भेद चालणार नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस तळावरच्या काळ्या सैनिकांनी शाळा मंडळाला कोर्टात खेचलं.

मंडळाचा बचाव ऐकून तुम्हाला आपल्या गावचा सरपंच आठवेल. मंडळ म्हणालं, ही पोरं तर तळावर राहतात, तळ केंद्राचा, म्हणजे ही आमच्या गावची पोरंच नव्हेत, यांचा आमच्यावर हक्कच नाही. बघा हं! पैसा घेताना ती पोरं आमची, बसायला जागा मागितली की ती परकी. १९६७ च्या जानेवारीत अपील कोर्टानं, न्यायमूर्ती विज्डम यांच्या निकालानं, हा बचाव फेकून दिला. पैसा घेतला, हमी दिली, आता भेद करता येणार नाही. आणि ज्याच्या नावानं पैसा आला त्या माणसाला स्वतः कोर्टात उभं राहून हक्क मागता येईल.

मित्रांनो, या निकालात पैशाची रक्कम एक डॉलरनंही वाढली नाही. वाढला तो पैशाच्या शेपटीला बांधलेला हक्क. मला सगळ्या लेखात एवढीच एक गोष्ट सांगायचीय. अनुदान मोठं की लहान हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की अनुदानाबरोबर हक्क येतो का? आणि तो हक्क आपल्या हातात पडतो की साहेबाच्या खिशात राहतो?

कुणी म्हणेल, लुइझियानातलं गाऱ्हाणं इथं कशाला? सांगतो. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव उचललं ते ओकलंडच्या १९६६ च्या काळ्या पोरांवरून. नातं तेव्हाच जोडलंय. नातं नुसतं नावापुरतं ठेवायचं नसेल तर त्यांचे खटलेही वाचावे लागतील.

आणि छावणीशी आपलं नातं त्यांच्यापेक्षा कमी आहे का? बाबासाहेब जन्मले कुठं? १८९१ साली महूच्या छावणीत. वडील सुभेदार, लष्करी शाळेचे हेडमास्तर. तारेच्या आत शिपायाच्या पोराला शिक्षण सक्तीचं. कॅम्पात अक्षर मिळालं म्हणून एका पिढीच्या हातात लेखणी आली. पण त्याच सुभेदाराचं पोर साताऱ्याच्या शाळेत गेलं तेव्हा? वर्गात वेगळं, गोणपाटावर. पाणी प्यायचं तर शिपायानं वरून ओतायचं. शिपाई नाही तर पाणी नाही. दापोली ही पेन्शनर सैनिकांची जुनी वसाहत. तिथल्या महार पेन्शनरांना, ज्यांनी सरकारसाठी छातीवर गोळ्या झेलल्या, पोरांना सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत बसू द्या म्हणून अर्जावर अर्ज करावे लागले. तारेच्या आत हेडमास्तर, तारेच्या बाहेर ओसरी. बार्क्सडेलच्या काळ्या हवाई सैनिकाला ही गोष्ट सांगितली असती तर त्यानं अनुवाद मागितला नसता.

पुढं तर भरतीच बंद केली. १८९० च्या दशकात महार लढाऊ जात नाही असं इंग्रज साहेबाला अचानक समजलं. भीमा कोरेगावचा खांब तेव्हाही उभाच होता. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी विलायतेपर्यंत अर्ज धाडला. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, महायुद्धात माणसं कमी पडायला लागल्यावर. उपयोगाचं माप! गरज असली की लढवय्ये, गरज संपली की अस्पृश्य.

आता आजच्या छावणीकडं या. महाराष्ट्रात सात कॅन्टोन्मेंट: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद, कामठी. शहरांची नावं आता बदलली, गटारं तीच आहेत. या सातही ठिकाणी आपली माणसं पिढ्यानपिढ्या राहतात, कारण छावणीला मैला उचलायला, घोडे खरारायला, दारूगोळा भरायला, डेपोत पेट्या वाहायला माणसं लागली. देहूरोडला १९५४ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली ती डेपोच्या त्याच कामगारवस्तीच्या जिवावर. कामठीचं नाव घेतल्याशिवाय तर विदर्भातल्या चळवळीचा इतिहासच लिहिता येत नाही.

या छावण्यांचा कारभार नगरपालिका करत नाही. कॅन्टोन्मेंट बोर्ड करतं. घटनेच्या केंद्रसूचीत हा विषय केंद्राचा. २००६ च्या कायद्याप्रमाणे बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी. बोर्डाकडं पैसा येतो तीन वाटांनी. एक, आपण भरतो ती पट्टी. दोन, लष्करी मालमत्तेला कर लागत नाही म्हणून संरक्षण खातं देतं तो सेवा आकार. तो वेळेवर येत नाही म्हणून बोर्डं कायम रडतात. तीन, तूट भरायला आणि मोठ्या कामांना संरक्षण खात्याचं अनुदान. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि स्थानिक करांची एक मोठी वाट बुजली. महापालिकांना राज्यानं भरपाई दिली. बोर्ड केंद्राचं, राज्याचं नव्हे, म्हणून त्याला कटोरा घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. केंद्र म्हणतं राज्याकडं जा, राज्य म्हणतं केंद्राकडं जा. बॉसियर पॅरिशचंच मराठी भाषांतर.

मी स्वतः अशाच एका छावणीच्या कडेला वाढलो. कुठल्या ते सांगत नाही, सातांतली कुठलीही धरा. आमच्या आळीत चाळीस घरांना एक नळकोंडाळं. मोठा नाला बांधून काढायचं काम निघालं, सिमेंट आलं, मुकादम आला, आणि नाला गेटापासून बाजाराच्या टोकापर्यंत पक्का झाला. तिथून पुढं आमची वस्ती, तिथं तो उघडाच राहिला. विचारायला गेलो तर टेबलावरच्या माणसानं नकाशा पुढं सरकवला. म्हणाला, या ठिकाणी वस्ती दिसत नाही. माझी आजी त्या वस्तीत जन्मली होती. छावणीचा मैला तिच्या सासऱ्यानं उचलला होता. मैला नकाशात होता, माणूस नव्हता.

म्हणून म्हणतो, पैसा आला का एवढंच विचारू नका. तो कुठल्या नकाशावर आला ते विचारा.

आणि विचारायचं कुणाला? बहुतेक बोर्डांतल्या निवडून आलेल्या सदस्यांची मुदत २०२१ च्या फेब्रुवारीत संपली. मग अध्यक्ष, मुख्याधिकारी आणि सरकारनं नेमलेला एक नागरिक, एवढ्या तिघांनी गाडा हाकायचा. २०२३ मध्ये ५७ बोर्डांच्या निवडणुका ३० एप्रिलला जाहीर झाल्या, आणि मार्चमध्येच रद्दही झाल्या. कायद्यात आपल्यासाठी राखीव जागा आहेत. पण जत्राच भरवली नाही तर पाळण्यातल्या राखीव जागेचं करायचं काय? त्याच वर्षी एप्रिलमध्ये हिमाचलमधली योल छावणी मोडली आणि छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या पालिकांत मिसळायचं धोरण पुढं आलं. पुष्कळ लोक खूष झाले. एफएसआय वाढणार, बांधकामं होणार. बिल्डर तर आधीच फीत घेऊन उभा आहे.

पण मिसळणार कोण? ज्याचा बंगला नकाशात आहे तो मिसळेल. नकाशात नसलेली वस्ती दोन्हीकडून निसटेल. केंद्र म्हणेल आम्ही नागरी भाग सोपवला, पालिका म्हणेल तुमचा सात-बारा दाखवा. आणि छावणीच्या झाडूखात्यातली आपली माणसं? बोर्डाची नोकरी पालिकेत जाताना कायम राहते की ठेकेदाराच्या वहीत जाते? हा प्रश्न आज विचारला नाही तर उद्या विचारायला आपण तिथं असणार नाही.

मला माहीत आहे, याला उत्तर काय येणार. 'लष्कराविरुद्ध बोलता? देशद्रोही!' अरे, देशासाठी मरायला आमची रेजिमेंट आहे, तिच्यातला बाप सीमेवर आणि त्याची म्हातारी आई कोंडाळ्यावर हंडा घेऊन. लष्कराला शिवी कुणी दिली? मी वही मागतोय. दुसरा शहाणा म्हणेल, 'छावणीनंच तुम्हाला माणसात आणलं, उपकार विसरू नका.' उपकार नाही साहेब, पगार होता तो. घाम गाळून आणि रक्त सांडून घेतलेला. पगाराची परतफेड कृतज्ञतेनं करायची नसते.

मग करायचं काय? नुसती चीड कागदावर ओतून घरी जायचं नाही. २००६ च्याच कायद्याचं दहावं कलम काढा. त्यात म्हटलंय की अनुदानं आणि निधी घेण्यासाठी, आणि समाजकल्याण, आरोग्य, पाणी, स्वच्छता, शिक्षण यांच्या केंद्रीय योजना राबवण्यासाठी बोर्ड ही घटनेतली नगरपालिकाच मानली जाईल. वाचा पुन्हा. पैसा घेताना बोर्ड नगरपालिका आहे. मग पाणी देताना ती छावणी कशी होते? बॉसियरच्या काळ्या बापांनी जे कलम पकडलं, तसलंच हे आहे. शेपूट आपल्या हातात आहे, ओढायला माणसं पाहिजेत.

प्रत्येक छावणीतल्या पोरांनी चार गोष्टी कराव्यात. एक, गेल्या दहा वर्षांत बोर्डाला कुठलं अनुदान आलं आणि कुठल्या आळीत खर्च झालं, हे माहितीच्या अधिकारात मागावं आणि वस्तीच्या चौकात मोठ्यानं वाचावं. दोन, आपण स्वतः वस्तीचा नकाशा काढावा. घर, नळ, संडास, माणूस, सगळं मोजून. नकाशात नाही म्हणतात ना? मग नकाशा आपणच करू. तीन, पालिकेत मिसळायच्या आधी झोपड्यांचा आणि सफाई कामगारांच्या नोकऱ्यांचा निकाल लेखी लागला पाहिजे, नंतर नाही. चार, जोवर निवडून आलेलं बोर्ड नाही, तोवर वस्तीच्या नावावर आलेला पैसा वस्तीला विचारल्याशिवाय खर्च होता कामा नये, यासाठी धरणं, मोर्चा, आणि तरी ऐकलं नाही तर कोर्ट.

आपल्याला तारेच्या आतलं काही नको. तारेच्या बाहेर जे आपल्या नावानं आलं, तेवढं पुरे आहे. ते भीक म्हणून घ्यायचं नाही, उपयोगाला आलो म्हणून बक्षीस म्हणूनही घ्यायचं नाही. महाडच्या तळ्यावर १९२७ साली लोक पाणी प्यायला गेले तेव्हा त्यांना तहान लागली होती म्हणून गेले नव्हते. ते तळं नगरपालिकेनं ठराव करून सगळ्यांना खुलं केलं होतं. ठराव कागदावर होता. कागदावरचा हक्क ओंजळीत आणायला माणसं चालत गेली.

कागद आजही आहे. चालायचं आपल्याला आहे.

जय भीम.